आफ्रिकेच्या वर्षावनातले सस्तन प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या प्राण्यांचा विषय निघाला की गाडी हमखास मसाई मारा आणि सेरेंगेटीवर जाते. हे पान त्यांच्यासाठी नाही. इथले प्रश्न विषुववृत्तालगतच्या घनदाट सदाहरित रानाचे आहेत. त्या रानात आठ-आठ दिवस चालूनही एकही मोठा प्राणी न दिसता परत यावं लागतं, आणि तरी प्राणी तिथेच, वीस पावलांवर असतात.

हे जंगल नेमकं कुठे आहे?

दोन तुकड्यांत आहे. मोठा तुकडा काँगो नदीच्या खोऱ्यात आहे. त्यात दोन्ही काँगो (एकाची राजधानी किन्शासा, दुसऱ्याची ब्राझाव्हिल), गॅबॉन, कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी येतात. ॲमेझॉनच्या खालोखाल जगातलं हेच सर्वांत मोठं उष्णकटिबंधीय वर्षावन. धाकटा तुकडा पश्चिमेला लायबेरिया, सिएरा लिओन, आयव्हरी कोस्ट, घाना या भागात आहे, आणि तो आता फारच विरळ झाला आहे. दोघांच्या मध्ये टोगो-बेनिनजवळ कोरडा, गवताळ पट्टा आडवा येतो, म्हणून दोन्हीकडचे प्राणीही थोडे वेगळे. गोरिला पश्चिमेच्या तुकड्यात नाही, बुटका पाणघोडा आज काँगोच्या बाजूला नाही.

विस्ताराचा अंदाज हवा असेल तर एकच उदाहरण देतो. किन्शासाच्या काँगोतलं सालोंगा राष्ट्रीय उद्यान सुमारे 36,000 चौरस किलोमीटरचं आहे. आपला गोवा त्यात जवळजवळ दहा वेळा मावेल.

इथे सिंह, झेब्रे, जिराफ का नाहीत?

कारण गवत नाही. झाडांचा मांडव इतका दाट असतो की वरच्या उजेडातला जेमतेम एक-दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतो. गवत नाही म्हणून गवत खाणारे कळप नाहीत, आणि कळप नाहीत म्हणून त्यांच्यावर जगणारा सिंहही नाही. सगळं खाणं वर असतं: फळं, कोवळी पानं, बिया. जमिनीवर राहणारे प्राणी मग वरून काय पडेल त्याची वाट बघतात. माकडांची टोळी फळझाडावर चढली की खाली डुइकर नावाची बुटकी हरणं येऊन उभी राहतात. माकडं अर्धं खातात, अर्धं टाकतात, आणि डुइकरांचं भागतं.

'जंगलचा राजा' हा किताब सिंहाला कुणी दिला कोण जाणे, पण त्याने हे जंगल पाहिलेलं नसावं.

मग इथला मोठा शिकारी कोण?

बिबट्या. आपल्या जुन्नरच्या उसात पिल्लं वाढवणारा आणि गॅबॉनच्या रानात डुइकर मारणारा, दोघेही एकाच जातीचे, फक्त उपजाती वेगळ्या. इतका जुळवून घेणारा दुसरा मोठा मांसाहारी सापडणं कठीण. त्याच्या जोडीला सोनेरी मांजर असतं. ते बिबट्याहून पुष्कळ लहान, रंगाने कधी तांबूस तर कधी करडं, आणि आफ्रिकेबाहेर कुठेच नाही. ते माणसाच्या नजरेस इतकं क्वचित पडतं की त्याच्याविषयी जे कळलंय ते बहुतेक कॅमेरा ट्रॅपमुळे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यामुळे.

जंगलातला हत्ती आणि माळावरचा हत्ती एकच ना?

नाही. जनुकं तपासल्यावर दोघांच्या वाटा काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्याचं दिसलं. 2021 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत दोघांना प्रथमच स्वतंत्र जाती म्हणून नोंदवलं. रानहत्ती लहान असतो. माळावरचा नर खांद्यापाशी तीन मीटर सहज ओलांडतो, हा अडीचच्या आसपास थांबतो. कान गोलसर, सुळे सरळ आणि जमिनीकडे वळलेले. दाट झाडीतून वाट काढायला वर वळलेले सुळे अडचणीचेच झाले असते.

त्याच 2021 च्या नोंदीत रानहत्ती 'अतिसंकटग्रस्त' ठरला, कारण 31 वर्षांत त्याची संख्या 86 टक्क्यांहून जास्त घटली होती. त्याचा सुळा घट्ट आणि किंचित गुलाबी झाक असलेला, म्हणून कोरीवकाम करणाऱ्यांची त्याला विशेष मागणी. आणि वाढ अतिशय सावकाश. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या झांगा इथे संशोधक अँड्रिया टर्कालो यांनी 1990 पासून दोन दशकांहून जास्त काळ एकेक हत्ती ओळखून त्याची नोंद ठेवली. त्यातून कळलं की मादीला पहिलं पिल्लू बहुधा विशी ओलांडल्यावर होतं आणि दुसऱ्यासाठी पाच-सहा वर्षं जातात. शिकार अगदी आज थांबली तरी झालेली तूट भरून यायला कितीतरी दशकं लागतील.

झांगा इथे जे आहे त्याला तिथले बाआका लोक 'बाई' म्हणतात. मराठी कानाला गंमत वाटेल, पण बाई म्हणजे जंगलातली मोकळी, ओलसर जागा. तिथल्या मातीत क्षार असतात, ते खायला हत्ती येतात. एका वेळी पन्नास-शंभर हत्ती उघड्यावर दिसतील अशा जागा या रानात मोजक्याच. म्हणूनच ती जागा मारेकऱ्यांनाही ठाऊक. मे 2013 मध्ये देशात बंडाळी माजलेली असताना बंदूकधारी तिथे शिरले आणि 26 हत्ती मारून गेले.

हत्ती नाहीसा झाला तर जंगलाचं काय बिघडतं?

बरंच. रानहत्ती फळं खातो आणि बिया कित्येक किलोमीटर लांब, खतासकट टाकतो. काही झाडांची फळं इतकी मोठी असतात की ती गिळणारा दुसरा कुणी नाही. मोआबी हे त्यातलंच एक. उंच, दणकट झाड, त्याच्या बियांचं तेल गावातली माणसं स्वयंपाकात वापरतात आणि लाकूडतोड्यांचाही त्याच्यावर डोळा. हत्ती गेला की मोआबीची बी आईच्या सावलीतच पडून राहते. शिवाय हत्ती बारकी रोपटी तुडवतो, मोडतो. उरलेल्या झाडांना जागा मिळते आणि ती जाडजूड होतात. जंगलात कार्बन किती साठेल याचा हिशेब असा थेट हत्तीच्या पायाशी येऊन पोचतो.

उलट दिशेनेही पाहायला हवं. गॅबॉनमधल्या लोपे उद्यानात 1986 पासून दर महिन्याला ठरावीक झाडं तपासली जातात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2018 पर्यंत पिकलेलं फळ सापडण्याचं प्रमाण 81 टक्क्यांनी घसरलं होतं. 2008 नंतरच्या दशकात हत्तीही अंगाने रोडावले, सुमारे 11 टक्क्यांनी. यात बंदूक कुठेच नाही. हवामानातले बदल हे संशयित कारण आहे. मला विचाराल तर शिकारीपेक्षा ही बातमी जास्त घाबरवणारी आहे, कारण शिकाऱ्याला निदान पकडता येतं.

दिसतच नाहीत तर मोजतात कसे?

हा प्रश्न शाळेतली मुलं लगेच विचारतात, मोठी माणसं मात्र आकडा ऐकून मान डोलावतात.

मुख्य साधन शेण. ठरावीक रेषेवर चालत जायचं, लीद किंवा विष्ठा दिसली की तिची नोंद करायची, ती किती दिवसांत विरघळते ते आधीच तपासून ठेवायचं आणि त्यावरून प्राण्यांचा अंदाज बांधायचा. अलीकडे त्याच लिदीतून डीएनए काढतात, म्हणजे तोच हत्ती दोनदा मोजला गेला की नाही ते कळतं. गॅबॉनने संपूर्ण देशाची मोजणी अशी केली आणि 2021 मध्ये जाहीर झालेला आकडा होता सुमारे 95 हजार रानहत्ती. गोरिला आणि चिंपांझी यांच्या बाबतीत त्यांनी रात्री झोपायला केलेल्या घरट्यांची मोजणी होते. दोघेही रोज संध्याकाळी फांद्या आणि पानं वाकवून नवं अंथरूण करतात.

दुसरं साधन कान. हत्ती आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या खालच्या पट्टीत गुरगुरतात आणि तो आवाज झाडीतून लांबवर जातो. ब्राझाव्हिलच्या काँगोतल्या नुआबाले-न्दोकी उद्यानात झाडांवर उंच 50 ध्वनिमुद्रक बसवले आहेत. महिनोन्‌महिन्यांचं ध्वनिमुद्रण संगणक चाळतो, त्यात हत्तींची गुरगुर शोधतो आणि बंदुकीचे बारही.

ओकापी खरंच 1901 पर्यंत कुणाला माहीत नव्हता?

'कुणाला' या शब्दावर अडायला हवं. किन्शासाच्या काँगोतल्या ईटुरी जंगलातले म्बूटी लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, खड्डे खणून पकडत होते. माहीत नव्हता तो लंडनला.

ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन याने त्याची गोष्ट ऐकली होती ती 'रानातलं गाढव' अशी. 1900 मध्ये तो तिकडे गेला तेव्हा वाटाड्यांनी त्याला ओकापीच्या पायाचे ठसे दाखवले. ठसे दुभंगलेल्या खुरांचे होते. जॉन्स्टनला घोड्याचा भाऊबंद हवा होता, म्हणजे खूर अखंड हवा. वाटाडे आपल्याला फसवताहेत असं समजून त्याने ते ठसे सोडून दिले! पुढे त्याला कातड्याच्या दोन पट्ट्या मिळाल्या. त्यांच्यावरून 1901 च्या सुरुवातीला लंडनमध्ये नाव ठेवलं गेलं तेही घोड्याच्या कुळातलं. मग कवट्या हाती आल्या आणि त्याच वर्षी उलगडा झाला: पायांवर झेब्र्यासारखे पट्टे असले तरी हा प्राणी जिराफाचा सख्खा नातलग.

जिराफाशी साम्य जवळून पाहिल्यावर पटतं. नराच्या डोक्यावर कातडीने झाकलेली शिंगं असतात आणि जीभ एवढी लांब की स्वतःचे डोळे चाटून साफ करता येतात. मागच्या बाजूचे पट्टे पानांमधून झिरपणाऱ्या कवडशांत मिसळून जातात. पिल्लाची युक्ती मला सर्वांत आवडते. जन्मल्यावर पहिला महिनाभर, कधी दोन महिनेही, ते विष्ठाच टाकत नाही. आई चरायला गेली की ते एका जागी लपून बसतं, आणि वास नाही म्हणजे बिबट्याला पत्ता नाही.

ओकापी रानात फक्त किन्शासाच्या काँगोत आढळतो. त्याच्यासाठी राखलेलं ईटुरीतलं अभयारण्य 1996 पासून जागतिक वारसास्थळ आहे. जून 2012 मध्ये तिथल्या एपुलू केंद्रावर सशस्त्र टोळीने हल्ला केला, माणसं मारली आणि तिथे पाळलेले 14 ओकापीही मारले. वनरक्षकांनी बेकायदा सोन्याच्या खाणी आणि हस्तिदंताचा धंदा अडवला, त्याचा तो सूड होता.

बोनोबो म्हणजे लहान चिंपांझीच ना?

पूर्वी तसंच समजत. 1929 मध्ये एका कवटीवरून त्याला चिंपांझीची उपजात ठरवलं, 1933 मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. दोघांच्या मध्ये काँगो नदी आहे. चिंपांझी नदीच्या उत्तरेला, बोनोबो दक्षिणेला, आणि पोहता दोघांनाही येत नाही. दहा-वीस लाख वर्षांच्या या ताटातुटीत स्वभावही वेगळे झाले. चिंपांझींच्या टोळीत नरांचं राज्य असतं, शेजारच्या टोळीशी मारामारी जिवावर बेतते. बोनोबोंत माद्या एकमेकींना धरून असतात आणि दांडगाई करणाऱ्या नराला मिळून वठणीवर आणतात. नराची प्रतिष्ठासुद्धा त्याच्या आईच्या वजनावर ठरते.

यावरून 'माणूस मुळात चिंपांझीसारखा की बोनोबोसारखा' असे वाद झडतात. जनुकांच्या हिशेबाने दोघेही आपल्याला सारखेच जवळचे आहेत, तेव्हा सोयीचा नातेवाईक निवडण्यात अर्थ नाही.

चिंपांझी दगडाने कठीण बियांचं कवच फोडतात हे खरं की नुसती ऐकीव गोष्ट?

खरं आहे. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात संशोधक क्रिस्तोफ बोश यांनी 1979 पासून हेच पाहिलं. झाडाचं मूळ म्हणजे ऐरण, आणि हातोडा लाकडाचा किंवा दगडाचा, कवच किती कठीण आहे ते बघून निवडलेला. पिल्लं आईशेजारी बसून बघतात, चुकतात, आणि नीट जमायला त्यांना कित्येक वर्षं लागतात. त्याच जंगलात उत्खनन करून चिंपांझींनी वापरलेले 4,300 वर्षांपूर्वीचे दगड सापडले आहेत. तिथे शेती पोचली नव्हती तेव्हाही हे कारखाने चालू होते.

गोरिला आणि गनिमी काव्याचं 'गुरिल्ला' युद्ध यांचा संबंध आहे का?

काडीचा नाही, पण हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच. 'गुरिल्ला' हा स्पॅनिश शब्द, अर्थ 'छोटं युद्ध'. 'गोरिला' हे नाव त्याहून फार जुनं. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेज शहराचा दर्यावर्दी हॅनो अडीच हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेला, त्याच्या प्रवासवृत्तात अंगभर केस असलेल्या 'गोरिलाई'चा उल्लेख आहे. ते नेमके कोण होते हे गूढच आहे. 1847 मध्ये टॉमस सॅव्हेज या मिशनऱ्याने या वानराचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा तिथून नाव उचललं.

स्वभावाने गोरिला गनीमही नाही. छाती बडवणं ही बहुतेक वेळा नुसती ताकीद असते. दिवसाचा मोठा भाग पानं, देठ आणि फळं खाण्यात जातो.

गोरिलांची संख्या वाढली असं वाचलं. मग काळजी कसली?

वाढले ते डोंगरी गोरिला. युगांडा, रवांडा आणि किन्शासाचा काँगो यांच्या सीमेवर ते राहतात. 1967 मध्ये डायन फॉसीने तिथे संशोधन सुरू केलं, तेव्हा ते शतक संपेपर्यंत टिकतील असं वाटत नव्हतं. 2019 मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत ते 1,063 भरले. 2018 मध्ये आययूसीएनच्या यादीत त्यांचा धोका एका पायरीने कमी झाला. पण त्यासाठी काय करावं लागतंय ते बघा: रोज पहारा, आजारी गोरिलासाठी रानात जाणारे पशुवैद्य, आणि विरुंगा उद्यानात आजवर जीव गमावलेले दोनशेच्या घरातले वनरक्षक.

बाकीच्यांची अवस्था वेगळी आहे. नायजेरिया-कॅमेरून सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला दोन-तीनशेच उरलेत. सखल रानातले पश्चिमी गोरिला (नाव पश्चिमी असलं तरी राहतात ते काँगोच्याच तुकड्यात) संख्येने सर्वांत जास्त, पण ब्राझाव्हिलच्या काँगोत लोसी इथे 2002-03 मध्ये इबोलाची साथ आली आणि तिच्यात सुमारे 5,000 गोरिला मेले असा अंदाज आहे. एका रोगाने दोन वर्षांत डोंगरी गोरिलांच्या पाचपट गोरिला, माणसाळलेले-बिनमाणसाळलेले सगळे, उचलून नेले. (माणसाळलेले म्हणजे संशोधकांची सवय झालेले, पाळीव नव्हेत.)

खवले मांजर आफ्रिकेतही असतं?

असतं. जगात खवले मांजराच्या आठ जाती, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. आफ्रिकेच्या चारपैकी तीन वर्षावनातल्या. त्यातल्या दोन झाडांवर चढतात, एक तर शेपटीने फांदी धरून लोंबकळते. कोकणात आढळतं ते भारतीय खवले मांजर याच कुळातलं, आणि दोघांवरचं संकटही तेच. आपल्या नखांत असतं त्याच केराटिनचे खवले, पण औषध म्हणून त्यांना आशियात गिऱ्हाईक आहे. 2016 मध्ये जोहान्सबर्गला वन्यजीवांच्या व्यापारावर झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. तरीही एप्रिल 2019 मध्ये सिंगापूरने एका आठवड्यात नायजेरियाहून निघालेले दोन साठे पकडले, मिळून 25 टनांहून जास्त खवले.

आपल्याकडच्या प्राण्यांचे आणखी कुणी नातेवाईक?

पिसोरी. सह्याद्रीतल्या त्या सशाएवढ्या हरणासारख्या प्राण्याचा आफ्रिकी भाऊबंद काँगोच्या ओढ्यांकाठी राहतो आणि धोका दिसला की सरळ पाण्यात बुडी मारतो. पोट्टो नावाचा रात्री हळूहळू फिरणारा प्राणी दक्षिण भारतातल्या लोरिसच्या कुळातला. उलट, तिथली झाडावरून झाडावर तरंगत जाणारी खार आपल्या उडत्या खारीची कुणी लागत नाही. एकच युक्ती दोघींना वेगवेगळी सुचली, इतकंच.

सर्वांत विचित्र प्राणी कोणता?

माझं मत चिचुंद्रीच्या कुळातल्या हिरो श्रूला. बाहेरून साधी राखाडी चिचुंद्री, पण कण्याचे मणके एकमेकांत दातऱ्यांसारखे अडकलेले. एक मोठा माणूस तिच्या पाठीवर काही मिनिटं उभा राहिला आणि उतरल्यावर ती चालती झाली, असा शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मोहिमेचा वृत्तान्त आहे. मांगबेटू लोक लढाईला जाताना तिचा तुकडा ताईत म्हणून बाळगत. एवढा मजबूत कणा तिला कशाला हवा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

दुसरा नंबर हातोडी तोंडाच्या वटवाघळाचा. पंख पसरले की जवळजवळ मीटरभर. नराचं स्वरयंत्र इतकं मोठं की छातीतली बरीचशी जागा तेच अडवतं. संध्याकाळी नर नदीकाठच्या झाडांवर रांगेने लटकून भोंगे वाजवतात, माद्या उडत उडत ऐकून निवड करतात, आणि मूठभर नर सोडले तर बाकीच्यांचा नुसता घसा बसतो.

लोक हे प्राणी खातात म्हणे. त्यांना थांबवत का नाहीत?

गावातल्या माणसाला थांबवायचं तर आधी त्याच्या ताटात दुसरं काहीतरी वाढावं लागेल. त्सेत्से माशीमुळे या पट्ट्यात गुरं टिकत नाहीत, त्यामुळे डुइकर, साळींदर हेच मटण. पूर्वी हे गावापुरतं होतं. लाकूडतोडीसाठी रस्ते झाले, ट्रक आले, तारेचे फास स्वस्त झाले, आणि धुरावलेलं मांस शहराच्या बाजारात जायला लागलं. शहरात पर्याय असूनही ते चवीसाठी, मानासाठी महाग विकत घेतलं जातं. कडक कारवाई व्हायला हवी ती तिथे. फासाला मात्र काही कळत नाही, डुइकरसाठी लावलेल्या तारेत चिंपांझीचाही हात जातो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

भारतात म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात 2021 मध्ये जर्मनीहून दोन नर गोरिला आले. रानात पाहायचे तर युगांडातलं ब्विंडी किंवा रवांडाचे ज्वालामुखी डोंगर. परवाना माणशी युगांडात 800 डॉलर, रवांडात 1,500. एका गटाजवळ दिवसाला आठच पर्यटक, तासभरच, आणि वयाची पंधरा वर्षं पूर्ण झालेलीच. सर्दी-खोकला असेल तर जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे, आपली सर्दी गोरिलाला न्यूमोनिया होऊन भोवते.

पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, सामानात नको. परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात.